सुरुंग मोजणारा दगडोबा

दगडोबावर लिहायचं मी सव्वीस वर्षं टाळलं. गेल्या चैत्रात त्याची बायको गोजरबाई साखऱ्याला वारल्याचं कळलं आणि मग मी कागद घेऊन बसलो. जिला हे सांगायला हवं होतं, ती गेल्यावर मला वाचा फुटली. माझं शौर्य एवढंच आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

१९७३ च्या दिवाळीनंतर मी कालव्याच्या एका कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो. वय चोवीस, वसमतला आई आणि लग्नाच्या दोन बहिणी, नोकरी कच्ची. औंढा आणि कुरुंद्याच्या मधल्या माळातून कालवा न्यायचा होता. माळाच्या पोटात सगळा काळा पाषाण. तो पहारीला दाद देत नाही. त्याला भोकं पाडायची, भोकांत दारू ठासायची, बत्त्या लावायच्या आणि उडवायचा. फुटलेला दगड बाया घमेल्यांतून वर आणायच्या. दुष्काळ नुकताच सरला होता, पण दुष्काळात घर सोडून निघालेली माणसं अजून कामांवरच होती. आमच्याकडे दोनशे होती, त्यात निम्म्याहून जास्त बाया.

दगडोबाशी माझी पहिली भेट काही बरी झाली नाही. मी हजेरीपट घेऊन फिरत होतो. सगळे घामाघूम, आणि हा एकटा माणूस टेकाडावर वहाणा काढून स्वस्थ बसलेला.

"तुझं काम काय?" मी विचारलं.

"मोजायचं."

"काय मोजायचं?"

"आवाज," तो म्हणाला.

मला वाटलं, नवीन कारकून म्हणून माझी फिरकी घेतोय. मी त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. संध्याकाळी मुकादम ग्यानोबा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कारकूनसायब, त्याची हजेरी कापू नका. तो बसतो म्हणून बाकीचे उभे हायेत."

दगडोबा तेव्हा पंचेचाळिशीचा असेल, माझ्या जवळजवळ दुप्पट वयाचा. तरी मी त्याला अरे-तुरे करत होतो. कामावर सगळेच करत. आता लिहिताना तो 'तू' मला टोचतो, पण तेव्हा तोंडात तोच होता, म्हणून इथेही तोच ठेवतो.

त्याचं काम असं होतं. दुपारी बाराला, भाकरीच्या सुट्टीत, खालून सगळी माणसं वर यायची. सुरुंगवाला नेमसिंग भोकं भरून बत्त्या पेटवायचा. बत्त्या कमीजास्त लांबीच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडावेत. नेमसिंग पळत वर येताना आकडा सांगायचा, समजा अठरा. दगडोबा कमरेच्या पिशवीतून अठरा चिंचोके मोजून मुठीत धरायचा. एक धडाका झाला की एक चिंचोका खाली. शेवटी मूठ उघडायची. ती रिकामी असली तर तो मान हलवायचा आणि ग्यानोबा शिट्टी मारायचा. मुठीत एक जरी चिंचोका उरला, तरी तो उभा राहायचा, दोन्ही हात वर करायचा आणि सगळ्या माळावर ऐकू जाईल असा ओरडायचा, "एक राहिला!"

म्हणजे एक सुरुंग उडालेला नाही. दारू आत तशीच जिवंत. तिच्यावर कुणाची पहार पडली की संपलं. कधी कुणी हात न लावताही ती उशिरा उडते. म्हणून नियम असा, की 'एक राहिला' म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली कुणी उतरायचं नाही. सकाळी नेमसिंग आणि दगडोबा दोघंच जायचे, राहिलेलं भोक शोधायचे, शेजारी दुसरं पाडून ते उडवायचे. हा नियम कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता. दगडोबानेच तो पाडला होता आणि लोक पाळत होते.

कधीकधी दोन सुरुंग बरोबर उडतात आणि कानाला एकच आवाज येतो. तेव्हा लोक म्हणायचे, दोन संगं गेले असतील, चला. दगडोबा ऐकायचा नाही. तो वहाणा काढून बसायचा तो त्यासाठीच. तळपाय उघड्या खडकाला टेकवायचे आणि त्यांनी मोजायचं.

"दोन संगं उडले की खडक दोनदा हालतो, सायब," तो मला म्हणाला. "तुमच्या बुटातून न्हाई कळायचं ते."

एकदा मी बूट काढून त्याच्या शेजारी बसलो. मला चटका बसला, दुसरं काही कळलं नाही. तो मात्र मध्येच "आता दोन" म्हणाला आणि दोन चिंचोके टाकले. नंतर नेमसिंगने खाली जाऊन पाहिलं, सगळी भोकं फुटलेली होती. नेमसिंगकडे परवाना होता, बिल्ला होता. पण दगडोबाने मान हलवल्याशिवाय तोही खाली पाय ठेवत नसे.

काम मापावर होतं. जेवढा दगड निघेल तेवढी मजुरी. म्हणून 'एक राहिला' झालं की दोनशे माणसांची दुपार बुडायची आणि दोनशे माणसं चरफडत बसायची. पण बसायची. कामावर पाण्याचे रांजण दोन होते, आणि दोन का होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. दगडोबा बौद्धवाड्यातला, त्याचं पाणी दुसऱ्या रांजणातलं. पण त्याने हात वर केले की दोन्ही रांजणांची माणसं खाली बसत.

सगळ्यात जास्त चरफडायची त्याचीच बायको. गोजरबाई घमेली उचलायला होती. उंच, काटक आणि जिभेला धार. "ह्या बाबानं चिंचोक्यासंगंच लगीन लावायचं व्हतं. मला कशापायी आणलं?" असं ती बायांमध्ये म्हणायची आणि बाया हसायच्या. दगडोबाही हसायचा. त्याचे समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे तो हसला की लहान पोरासारखा दिसायचा. नवरा-बायको मिठावरून भांडायची, सरपणावरून भांडायची, आणि भांडण संपलं की एकाच थाळीत जेवायची.

अशाच एका बुडालेल्या दुपारी त्याने मला भावाचं सांगितलं. संतराम त्याचा थोरला भाऊ. दोघं हिंगोलीच्या वरच्या अंगाच्या गावांतून विहिरी खोदत फिरायचे. निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं असेल, तेव्हा एका विहिरीत सहा सुरुंग लावले. पाच उडाले की सहा, यावर वर बसलेल्यांत वाद झाला. विहिरीचा मालक म्हणाला, सहा. संतराम उतरला.

"म्या पाच मोजले व्हते," दगडोबा म्हणाला. "पर मी ल्हान. मालकाम्होरं कसं बोलावं? गप बसलो. तवापासून मी गप बसत न्हाई."

हे त्याने काही मोठा सूर लावून सांगितलं नाही. विडी विझली होती, ती तो पुन्हा पेटवत होता.

प्रत्येक 'राहिला' मी रजिस्टरात तारखेनिशी लिहायचो. दगडोबाला याचं मोठं अप्रूप. त्याला सही करण्यापुरतीच अक्षरं येत, पण मी लिहिताना तो शेजारी उभा राहायचा आणि ओळीवर बोट ठेवून विचारायचा, "हे माझं का?" मी हो म्हटलं की समाधानाने जायचा. गोजरबाईला सांगायचा, कारकूनसायब मी म्हणलो ते बराबर लिहितेत. चार महिन्यांत अशा अकरा ओळी झाल्या. त्या चार महिन्यांत एका माणसाचं नखही गेलं नाही.

मग पाहणी आली.

दूर कुठे तरी एका खाणीत माणसं दगावली होती, म्हणून वरून हुकूम निघाला, की जिथे जिथे सुरुंग लागतात तिथे जाऊन कामाच्या सुरक्षिततेला गुण द्यायचे. फेब्रुवारीत एक अधिकारी जीपमधून आले. सभ्य, मेहनती गृहस्थ. उन्हात चार तास फिरले, आमचा चहासुद्धा घेतला नाही. मी आजही त्यांना वाईट म्हणणार नाही. माणूस वाईट असला म्हणजे त्याच्यावर राग काढून मोकळं होता येतं. इथे तीही सोय नाही.

त्यांच्याजवळ बत्तीस प्रश्नांचा छापील तक्ता होता. डोक्यावर टोप आहेत का? होते, बारा. पेटीतून त्याच सकाळी काढलेले. पुरुषांनी ते फेट्यावरच चढवले होते आणि मान हलली की टोप घरंगळत होते. औषधाची पेटी आहे का? होती. किल्ली सापडली नाही. लाल निशाणं? होती, नवी कोरी. टेकाडावर बसलेल्या दगडोबाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हा कोण? कामावरचे आमचे इंजिनिअरसाहेब म्हणाले, मोजणारा. "हे पद मंजूर आहे?" "नाही, मजूर म्हणून हजेरीवर आहे." तक्त्यात मोजणाऱ्यासाठी रकाना नव्हता. अधिकारी पुढे गेले.

मग प्रश्न आला, वर्षात न उडालेले सुरुंग किती. मी मोठ्या ऐटीत रजिस्टर पुढे केलं. अकरा. त्यांनी भुवया वर केल्या.

"पलीकडच्या टप्प्यावर एकही नाही," ते म्हणाले.

कालव्याच्या पलीकडच्या टप्प्यावर दुसरा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होता. तिथे मोजायलाच कुणी बसत नसे. धूर विरला की मुकादम शिट्टी मारायचा. मोजलं नाही म्हणून शून्य. हे मला माहीत होतं, आमच्या इंजिनिअरसाहेबांना माहीत होतं. आम्ही दोघंही उभे राहिलो नुसते. पलीकडच्यांना त्या रकान्यात पूर्ण गुण मिळाले. आमच्या रकान्यात शून्य आणि खाली शेरा, स्फोटाचे काम निष्काळजीपणाचे.

संध्याकाळी दगडोबाने मला विचारलं, सायबानं काय लिहिलं? मी सांगितलं. तो बराच वेळ चिंचोके या हातातून त्या हातात करत बसला.

"म्हंजे ज्यानं मोजलं त्यालाच कमी?"

"तसंच दिसतंय."

"मग मला इचारायचं व्हतं ना सायबानं. काहून न्हाई इचारलं?"

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी मला बोलावलं. एप्रिलमध्ये पुन्हा पाहणी होती. तेव्हा हा आकडा असा दिसता कामा नये, एवढंच ते म्हणाले. कसा, ते त्यांनी माझ्यावर सोडलं. तेवढे ते हुशार होते. माझ्या नोकरीचा कागदही त्यांच्याच टेबलावर होता, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

युक्ती माझी. ती कुणी शिकवली नाही. मी टेकाडावर गेलो आणि दगडोबाला म्हणालो, "आजपासून ओरडायचं नाही. एक राहिला तर माझ्या कानात सांगायचं. गोजरबाईलाही यातलं काही बोलायचं नाही. पुढचं मी बघतो."

"काहून?"

"सगळ्या माळाला ऐकू जातं. पलीकडच्या टप्प्याला जातं. गवगवा होतो."

तो म्हणाला, "वरडलं की माणूस बसतो, सायब. कानात सांगून कोण बसंल?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

तेवढ्यावर तो कबूल झाला. पंचवीस वर्षांची त्याची सवय, भावाच्या मरणाने लागलेली, माझ्या तीन शब्दांवर त्याने मोडली. "तुमी म्हणता म्हंजे बराबरच असंल," तो म्हणाला. माझ्याबद्दल इतकी चांगली गोष्ट त्यानंतर कुणी बोललेलं नाही.

पहिल्या खेपेला त्याने कानात सांगितलं. मी ग्यानोबाला मापं घ्यायचीत असं खोटंच सांगून सकाळपर्यंत माणसं वर ठेवली. रजिस्टरात काही लिहिलं नाही. सगळं सुरळीत झालं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या खेपेला मापांचं निमित्त पुरलं नाही, म्हणून दोन तासच थांबवलं. तिसऱ्या खेपेला अर्धा तास. तिन्ही वेळा नेमसिंग आणि दगडोबा माणसांच्या आधी घाईघाईने उतरले आणि राहिलेला सुरुंग सापडला. काही झालं नाही, म्हणून माझा धीर वाढला. पूर्वी दोनशे जणांना कळायचं, आता तिघांना कळत होतं, आणि त्यातही थांबवायचा अधिकार माझ्या एकट्याच्या हातात आला होता. चोवीस वर्षांच्या, बूट घातलेल्या, कच्च्या नोकरीच्या माणसाच्या.

एप्रिलची ती तारीख मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पाहणी होती. इंजिनिअरसाहेब अधिकाऱ्यांना आणायला हिंगोलीला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते, की तळाचा दगड आज साफ झाला पाहिजे. नेमसिंगला ताप होता. त्याने बावीस सुरुंग लावले, वर आला आणि झाडाखाली आडवा झाला. मी रजिस्टर उघडून बसलो होतो. धडाके थांबले तसं मी लिहून टाकलं, बावीसपैकी बावीस. हल्ली मी तसंच करत होतो, आधी लिहायचं.

दगडोबा उठून माझ्याकडे आला. वाकला आणि कानात म्हणाला, "एक राहिला."

"दोन बरोबर गेले असतील," मी म्हणालो.

"न्हाई सायब. तळपायाला इक्कीसच लागले."

"मला तर बावीस ऐकू आले."

हे खोटं होतं. मी मोजलेच नव्हते.

तो अजून वाकलेलाच होता. तिकडे ग्यानोबाने आमच्याकडे पाहिलं, मी नाही म्हणत नाही हे पाहिलं आणि शिट्टी मारली. बाया घमेली घेऊन उठल्या. गोजरबाई पुढच्या चार-पाच जणींत होती.

"एक हाय सायब खाली," तो तिसऱ्यांदा म्हणाला. आता कानात नाही, पण ओरडूनही नाही. साध्या आवाजात. त्याने माझं ऐकायचं कबूल केलं होतं आणि तो ते पाळत होता.

मी काय म्हणालो, ते मला अक्षरशः आठवतं. मी म्हणालो, "उद्या साहेब येणार आहेत, दगडोबा. आजचा दिवस जाऊ दे."

तो सरळ झाला. त्याने वहाणासुद्धा घातल्या नाहीत. "मग मी म्होरं जातो," तो म्हणाला. "बायांना जरा हळू येऊ द्या." आणि तो उतारावरून पळत निघाला, बायांना ओलांडून पुढे. गोजरबाई मागून काहीतरी बोलली, बाया हसल्या. मी बायांना हळू यायला सांगितलं नाही. मी जागचा हललोच नाही.

तो तळाला गेला, दगडांतून वाकून भोकं पाहत फिरला. मग एका जागी थबकला. वळला, आणि दोन्ही हात वर करून बायांना मागे सारायला लागला. पुढची बाई थांबली. तिच्यामागे सगळ्या थांबल्या. तेवढ्यात तो सुरुंग उडाला.

बायांतल्या एकीला खांद्याला दगडाची कपची लागली. बाकी कुणाला काही झालं नाही. गोजरबाई तळाकडे पळाली तेव्हा चौघींनी तिला धरलं. मी तिथे गेलो नाही. मी रजिस्टर छातीशी धरून उभा होतो, आणि माझ्या मनात काय होतं ते सांगतो. शाई वाळली का, हे माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले ते पाहणीला, आणि त्यांनाच चौकशी करावी लागली. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं, दाराशी पोलीस उभे केले. आत जाण्यापूर्वी इंजिनिअरसाहेब मला एवढंच म्हणाले, "रजिस्टरात आहे तेच बोलायचं."

आधी नेमसिंग. त्याने सांगितलं, मी बावीस लावले, वर येऊन पडलो, मला शुद्ध नव्हती. आधीच्या तीन खेपांचं त्याने काढलं नाही, त्याचाही परवाना गेला असता. ग्यानोबाने सांगितलं, दगडोबा ओरडला नाही, म्हणून मी शिट्टी मारली. राहिला असता तर तो ओरडतो, सगळ्या माळाला माहीत आहे. ते खरंच होतं. मग गोजरबाईला बोलावलं. ती खाली बसली. अधिकाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाई, सुरुंग राहिल्याचं तुमच्या मालकांनी कुणाला सांगितलं होतं का?"

तिने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्या सायबाला इचारा. शेवटाला तो यांच्यापाशीच व्हता. हे बराबर सांगतेन. ह्यो म्हणायचा, कारकूनसायब खोटं लिहित न्हाईत. ते म्हणतेन ते मला कबूल हाय."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शेडचा पत्रा तापला होता. मी म्हणू शकत होतो, हो. एक अक्षर. नोकरी गेली असती. कदाचित खटला झाला असता. बहिणींची लग्नं रखडली असती. हे सगळं मी त्या क्षणात मोजलं. मोजण्यात तेव्हा मी फार चलाख झालो होतो.

"नाही," मी म्हणालो. "मला काही बोलला नाही."

गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. असता तर मला सोसलं असतं. ती नुसती खचली.

"मग न्हाई सांगितलं असंल," ती म्हणाली, आणि जिथे दाखवलं तिथे तिने अंगठा लावला.

अहवालात आलं, मजूर कुणालाही सूचना न देता स्वतःच्या जबाबदारीवर घाईने खाली उतरला. बावीसावा सुरुंगही उशिरा का होईना उडालाच होता, म्हणून त्या खेपेला न उडालेल्या सुरुंगांच्या रकान्यात आम्हांला पूर्ण गुण मिळाले. पाहणीचा निकाल मी स्वतः नक्कल करून दप्तरात लावला. ऑक्टोबरात माझी नोकरी पक्की झाली.

त्यानंतर टेकाडावर कुणी बसलं नाही. धूर विरला की ग्यानोबा शिट्टी मारायचा. वर्षभरात दोघं गेले, एकाचा हात गेला. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, दगडोबासुद्धा शेवटी चुकला, तिथे आपली काय कथा.

हे वाक्य मला खायला लागलं. दगडोबा चुकला नव्हता. त्या माळावर बरोबर मोजणारा तो एकच होता, आणि मी त्याला चुकलेला करून ठेवला होता. लोकांच्या तोंडी, सरकारच्या कागदावर आणि त्याच्या बायकोच्या मनात. माणूस गेला ते गेलाच, पण त्याच्याजवळ दुसरं होतं काय? जमीन नाही, घर म्हणावं असं घर नाही. एक त्याचा शब्द होता, की दगडोबाने सांगितलं म्हणजे तसंच. तेवढा तरी तिला परत करावा, म्हणून १९७८ च्या पौषात मी साखऱ्याला गेलो.

गोजरबाईने मला लांबूनच ओळखलं. अंगणात घोंगडी टाकली. ती खूप वाळली होती, पण बोलणं तसंच. शेजारच्या बाईला म्हणाली, "हे आमच्या कामावरचे कारकूनसायब. लई सच्चा माणूस." मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. तिने बहिणींची चौकशी केली. लग्नं झाली म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

मग ती स्वतःच त्याच्यावर आली.

"मी अजून भांडते त्याच्यासंगं," ती म्हणाली. "चुलीम्होरं बसलं की भांडते. म्हणते, इतकी वर्सं वरडलास. भाकरी बुडाली, लोकांनी शिव्या घातल्या, म्या शिव्या घातल्या, तरी वरडायचा थांबला न्हाईस. आन त्याच दिशी तोंडाला काय झालं व्हतं? एक डाव वरडला असतास तर बसले असते सगळे. मीबी बसले असते. काहून न्हाई वरडलास?"

ती रडत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. चार वर्षं ती हे कोडं घेऊन बसली होती आणि त्याचं उत्तर तिच्या अंगणात घोंगडीवर बसून चहा पीत होतं.

"सायब," ती म्हणाली, "तवा तिथं साह्यबलोक व्हते, पोलीस व्हते. आता कोण न्हाई. खरं सांगा. तुमाला काई बोलला व्हता का त्यो?"

मी त्यासाठीच आलो होतो. हिंगोलीपासून एसटीत मी ती वाक्यं जुळवत आलो होतो. तीनदा बोलला बाई, तीनदा. ओरडू नको म्हणून मीच सांगितलं होतं. मी तोंड उघडलं. ती पुढे झुकून ऐकत होती. तिने ज्या विश्वासाने कान पुढे केला होता, तो मला बघवला नाही.

"नाही," मी म्हणालो.

ती मागे सरकली. पदराने तोंड पुसलं.

"मग चुकलाच त्यो," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला उठली. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. भाकरी, वरण, वर हिरवी मिरची. मी पोटभर जेवलो आणि चारच्या एसटीने परत आलो.